जावाच्या गावात जमीन घ्यायची आहे, सुरुवात कुठून करू?

वाचकाचं पत्र (थोडक्यात): मी पुण्याचा, वय ५२. पत्नी इंडोनेशियाची, मध्य जावातल्या क्लातेन जिल्ह्यातल्या पोलानहार्जोजवळच्या गावची. लग्न २०१८ साली तिकडेच नोंदवलं. संपत्तीबद्दल आमच्यात कुठलाही लेखी करार नाही. पाच वर्षांची मुलगी आहे. सासऱ्यांच्या शेजारची ११०० चौरस मीटर जागा जुन्या घरासह ६६ कोटी रुपियांना मिळते आहे. मागचा भातशेतीचा तुकडाही घ्या म्हणतात. परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही, म्हणून मेहुण्याच्या नावावर घेऊन नोटरीकडे ‘खरे मालक तुम्हीच’ असा करार करू, असं दलालाने सुचवलं आहे. नोकरी सोडून तिथे राहायचं, दोन खोल्या पर्यटकांना द्यायच्या आणि नवीन टोलरस्त्यामुळे दहा वर्षांत भाव वाढेल, असा विचार आहे. की मुलीच्या नावावर घ्यावी?

उत्तर:

दलालाचा प्रस्ताव आजच बंद करा. इंडोनेशियाच्या १९६० च्या मूळ जमीन कायद्यात (१९६० चा कायदा क्रमांक ५) पूर्ण मालकी, म्हणजे ‘हाक मिलिक’, फक्त इंडोनेशियन नागरिकाला मिळते. त्याच कायद्याचं कलम २६ म्हणतं की ही मालकी सरळ किंवा आडवाटेने परदेशी माणसाकडे नेणारा व्यवहार मुळातच रद्द. जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. मेहुण्याच्या नावावर जमीन घेऊन बाजूला केलेला करार हीच ती आडवाट आहे. मेहुणा कितीही सज्जन असला तरी उद्या तो वारला, त्याचा घटस्फोट झाला किंवा त्याने ती जागा बँकेकडे गहाण टाकली, तर तो करार तुम्हाला कोर्टात दाखवताही येणार नाही. दाखवलात तर जमिनीवरच गदा येईल. नोटरीचा शिक्का असला म्हणून बेकायदा करार कायदेशीर होत नाही.

तुमच्यासाठी सरळ रस्ता आहे: जमीन पत्नीच्या नावावर. पण आज, आत्ता, ती सुद्धा घेऊ शकत नाही. तिथल्या १९७४ च्या विवाह कायद्यानुसार लग्नानंतर घेतलेली मालमत्ता दोघांची सामायिक धरली जाते. म्हणजे तिने घेतलेल्या जमिनीत तुमचा, एका परदेशी माणसाचा, अर्धा वाटा आपोआप येतो आणि हाक मिलिक अडतो. खरेदीखताच्या वेळी पतीची कागदपत्रं मागतात, तुमचा भारतीय पासपोर्ट समोर आला की काम तिथेच थांबतं. काही बायका ओळखपत्रावर ‘अविवाहित’ ठेवून खरेदी उरकतात. तसं करू नका, तो दोष त्या जमिनीला कायमचा चिकटतो.

यावरचा उपाय म्हणजे संपत्ती वेगळी ठेवण्याचा विवाह-करार, ‘पर्जांजियान काविन’. पूर्वी तो लग्नाआधीच करावा लागे. घटनात्मक न्यायालयाने २०१६ मध्ये जाहीर केलेल्या निकालाने (क्रमांक ६९, वर्ष २०१५) तो लग्नानंतरही करता येतो. क्लातेनमधल्या नोटरीकडे दोघांनी जाऊन तो दस्त करायचा. तुम्हाला इंडोनेशियन नीट येत नसेल तर शपथबद्ध दुभाषा सोबत हवा. दस्त झाला की काम संपलं असं समजून लोक घरी येतात, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. तो करार जिथे लग्न नोंदवलं त्या कार्यालयात नोंदवून विवाह-दाखल्यावर तसा शेरा घ्यावा लागतो: मुस्लिम विवाह असेल तर केयूए कार्यालयात, इतरांचा असेल तर जिल्ह्याच्या नागरी नोंदणी कार्यालयात. तो शेरा नसेल तर करार तिसऱ्या माणसावर बंधनकारक नाही, आणि जमीन कार्यालय तिसराच माणूस आहे. तेव्हा क्रम असा: करार, नोंदणी, मग जमीन. बयाणाही त्याआधी देऊ नका.

या कराराचा अर्थही नीट समजून घ्या. पैसे तुमचे असले तरी जमीन कायद्याने एकट्या पत्नीची होईल. संसार मोडला तर त्या जमिनीवर तुमचा दावा राहणार नाही. हे मनाला पटत नसेल तर जमीन घेऊ नका, वीस-पंचवीस वर्षांचा भाडेपट्टा स्वतःच्या नावाने करा. तिथे राहणाऱ्या परदेशी माणसाला तो कायद्याने करता येतो. ‘हाक पाकाई’ म्हणजे वापराचा हक्क परदेशी माणसाला मिळतो खरा (३० वर्षं, मग २० ची मुदतवाढ, मग ३० चं नूतनीकरण), पण त्याला घराच्या किमान किमतीची अट आहे. जावाच्या प्रांतांत ती अब्जावधी रुपियांची असल्याने खेड्यातल्या घराला तिचा उपयोग नाही. परदेशी भांडवलाची कंपनी काढून जमीन घ्यायची तर गुंतवणूक आराखडाच १००० कोटी रुपियांच्या पुढचा लागतो. दोन खोल्यांसाठी तो विषय सोडून द्या.

आता त्या जागेकडे वळू. विकणाऱ्याकडे नेमकं काय आहे, हा पहिला प्रश्न. ‘सर्टिफिकात हाक मिलिक’ असेल तर उत्तम. ‘लेटर सी’, ‘पेटोक डी’ किंवा ‘गिरिक’ असेल तर ते गावच्या वहीतले जुने महसुली उतारे आहेत, मालकीचा दाखला नव्हे. २०२१ च्या शासकीय नियमाने (क्रमांक १८) अशा जुन्या कागदांना नोंदणीसाठी पाच वर्षांची मुदत दिली होती. ती फेब्रुवारी २०२६ मध्ये संपली, आता ते केवळ माग काढायला उपयोगी. अशा जागेचं सर्टिफिकेट विकणाऱ्याने आधी काढावं, मग बोलणी. आणि जागा गावच्या ‘तानाह कास देसा’ किंवा ‘बेंगकोक’ प्रकारातली (गावच्या अधिकाऱ्यांना पगाराऐवजी कसायला दिलेली) असेल तर ती विकताच येत नाही.

सर्टिफिकेट कोणाच्या नावावर आहे तेही बघा. खेड्यात ते बहुधा वारलेल्या आजोबांच्या नावावर असतं. मग आधी वारसनोंद, आणि प्रत्येक वारसाची सही. जकार्ताला गेलेला, सुमात्राला स्थायिक झालेला, भांडून बोलेनासा झालेला, सगळ्यांची. एक सही राहिली तर पाच वर्षांनी तोच माणूस दारात उभा राहतो. सर्टिफिकेटची अधिकृत तपासणी जमीन कार्यालयात, म्हणजे बीपीएनकडे, पीपीएटीमार्फत (जमिनीची खतं करणारा अधिकृत अधिकारी) होते. तिची सरकारी फी फक्त ५०,००० रुपिया आहे. गहाण, वाद, जप्ती सगळं त्यात कळतं. जागेचा आकार आणि ठिकाण बीपीएनच्या ‘सेंतुह तानाहकु’ ॲपवर ढोबळमानाने बघता येतं. पण मोजणी प्रत्यक्षच करा, चारही शेजारी आणि गावचा अधिकारी हजर ठेवून, चार कोपऱ्यांना खुंट रोवून. बोलताना गावकरी ‘रु’ किंवा ‘उबिन’ म्हणतील. साधारण १४ चौरस मीटरचा एक, म्हणजे तुमची ११०० चौरस मीटर सुमारे ७८ ‘रु’, आपल्या हिशेबाने जवळपास ११ गुंठे.

रस्ता मोजा. चारचाकी आत येते का, आणि येत असेल तर कोणाच्या जागेतून? खेड्यात घरापर्यंतची वाट अनेकदा चुलतभावाच्या अंगणातून जाते. तोंडी परवानगी विकणाऱ्याला होती, तुम्हाला ती मिळेलच असं नाही. ती वाट नकाशावर सार्वजनिक नसेल तर लिहून, नोंदवून घ्या किंवा तेवढी पट्टी विकत घ्या.

खर्चाचा हिशेब सांगतो. खरेदीखत (‘एजेबी’) पीपीएटीसमोरच होतं, साध्या पावतीवर केलेला व्यवहार नोंदवला जात नाही. खरेदीदाराचा कर ५ टक्के, पण किमतीतून आधी करमुक्त रक्कम वजा होते. ती जिल्हा ठरवतो, पहिल्या खरेदीला किमान ८ कोटी रुपिया. म्हणजे ६६ वजा ८, उरलेल्या ५८ कोटींवर ५ टक्के: २ कोटी ९० लाख रुपिया. विकणाऱ्याचा आयकर २.५ टक्के, म्हणजे १ कोटी ६५ लाख, तो त्यानेच भरायचा. ‘सगळा कर तुम्ही भरा, मला निव्वळ पैसे द्या’ असं सर्रास म्हणतात, म्हणून भाव ठरवतानाच हे स्पष्ट करा. पीपीएटीचं शुल्क १ टक्क्याच्या आत. कर वाचवायला खतात कमी किंमत दाखवायचा आग्रह झाला तर नकार द्या. कर अधिकारी बाजारभावाशी ताडून खत परत पाठवतात, आणि पुढे विकताना तीच खोटी किंमत तुमच्या अंगावर येते.

मागचा भातशेतीचा तुकडा मात्र घेऊ नका. शेतजमिनीचा मालक त्याच तालुक्यात (‘कचामातान’) किंवा लगतच्या तालुक्यात राहणारा हवा, हा नियम १९६१ पासून आहे. पत्नीचं ओळखपत्र गावच्या पत्त्याचं नसेल तर पहिली अडचण तीच. दुसरं, क्लातेन हा भाताचा जिल्हा आहे, देलांगूचा रोजोलेले तांदूळ प्रसिद्धच आहे. इथली ओलिताखालची शेती मोठ्या प्रमाणात संरक्षित क्षेत्रात येते. आपल्याकडे एनए होतं तसं ‘करून घेऊ’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. संरक्षित भातशेतीवर बांधकाम परवाना मिळत नाही, आणि परवान्याशिवाय बांधलेलं घर विकताना किंवा गहाण ठेवताना अडचण येते. घर असलेली जागा सर्टिफिकेटवर ‘पकारांगान’ (घराभोवतीची जमीन) आणि जिल्हा आराखड्यात वस्तीच्या रंगात आहे ना, एवढं लेखी घ्या.

खरं तर तुमच्या पत्रात एक गोष्ट राहून गेली आहे: सासऱ्यांची स्वतःची जागा किती? ती पुरेशी असेल आणि पत्नीची भावंडं राजी असतील, तर सासऱ्यांनी हयातीत नोंदणीकृत बक्षीसपत्राने (‘हिबाह’) पत्नीला तुकडा देणं हा स्वस्त आणि स्वच्छ मार्ग आहे. बक्षीस आणि वारसाने आलेली मालमत्ता कायद्याने तिचीच राहते, सामायिक होत नाही. मात्र सगळ्या भावंडांच्या सह्या त्याच दिवशी घ्या.

घराबद्दल. २७ मे २००६ च्या भूकंपात योग्याकार्ता आणि क्लातेन मिळून ५,७०० हून अधिक माणसं गेली, क्लातेनमध्येच हजारावर. बहुतेक घरं एकाच कारणाने पडली: जड कौलांचं छप्पर, खाली सिमेंटच्या सांगाड्याशिवाय विटांच्या भिंती. जुनं लाकडी ‘लिमासान’ घर त्या मानाने हलतं पण टिकतं. त्याला नंतर जोडलेल्या विटांच्या खोल्याच धोकादायक असतात. नवीन बांधताना तिथल्या सरकारी किमान निकषाखाली जाऊ नका: पायावरचा तुळईचा पट्टा (‘स्लोफ’) १५×२० सेंटिमीटर, खांब १५×१५, भिंतीवरचा पट्टा (‘रिंग बालोक’) १२×१५, प्रत्येकात १० मिलिमीटरच्या चार सळया, ८ मिलिमीटरच्या रिंगा दर १५ सेंटिमीटरला. काँक्रीट १:२:३. खांबांच्या चौकटीतली भिंत ९ चौरस मीटरपेक्षा मोठी नको. गवंडी रिंगा २५ सेंटिमीटरवर टाकून मोकळा होतो, म्हणून ओतण्याआधी टेप लावून मोजा. सळयांची टोकं एकमेकांत वाकवून गुंतवलेली नसतील तर कोपरा पहिल्याच धक्क्याला उघडतो.

पाण्याच्या बाबतीत पोलानहार्जोची बाजू भाग्यवान. मेरापी ज्वालामुखीच्या पोटातलं पाणी इथे झऱ्यांनी वर येतं, पोंगोक आणि चोक्रोचे झरे त्यातलेच. विहीर उथळ लागते, आणि म्हणूनच लवकर बिघडते. शौचाची टाकी विहिरीपासून १० मीटरच्या आत नको, शेजाऱ्याचीही. पाणी कमी असतं ते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पातळी तेव्हा बघा. छपराची गळती बघायची तर जानेवारी. वाळवी (‘रायाप’) लाकडी खांबांच्या बुडाशी शोधा, टोकदार पेचकसाने टोचून. वीजजोडणी गावात बहुधा ९०० किंवा १३०० व्हीएची असते. १३०० वर एसी आणि पाण्याचा पंप एकदम चालू केले की फ्यूज उडतो, पाहुण्यांच्या खोल्या करायच्या तर २२०० ला वाढवून घ्या. तीन पिनांची भारतीय उपकरणं तिथल्या गोल दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसत नाहीत.

भाव वाढेल का? कार्तासुरा ते क्लातेन टोलरस्ता २०२४ मध्ये खुला झाला, आणि तेव्हापासून विकणारे सरकारने संपादनात दिलेल्या मोबदल्याचा दर सांगून भाव मागतात. तो दर ज्यांच्या जमिनीतून रस्ता गेला त्यांना मिळाला, बाकी गावाला नव्हे. उतरण्याच्या जागेपासून थोड्या अंतरात दुकान-गोदामासाठी जमीन महागते. आत, भातशेतांमधल्या शांत वस्तीत घर घ्यायला बाहेरचा माणूस येत नाही, आणि गावातल्या माणसाला बहुधा वडिलांच्याच अंगणात जागा मिळते. अशा घराला गिऱ्हाईक मिळायला वर्षं लागतात, भाडंही वर्षाचं म्हणून थोडकंच येतं. जागा घ्या ती राहण्यासाठी. निवृत्तीची पुंजी म्हणून घेत असाल तर माझा स्पष्ट नकार आहे. पत्नीला जागा आवडली नाही आणि ‘थोडं पुढे प्रंबाननकडे घेऊ’ असं ठरलं, तर एवढं लक्षात ठेवा की प्रंबानन नावाचा तालुका क्लातेनमध्ये आहे आणि शेजारच्या स्लेमानमध्येही. स्लेमान योग्याकार्ता विशेष प्रांतात येतं, तिथे सुलतानाच्या मालकीच्या जमिनी आणि वेगळे नियम आहेत. पत्त्यावरचा जिल्हा आधी वाचा.

पर्यटकांच्या खोल्यांबद्दल थोडक्यात: परवाना (‘एनआयबी’) पत्नीच्या नावाने काढा. परदेशी पाहुणा मुक्कामी आला की इमिग्रेशनच्या ऑनलाइन प्रणालीत त्याची नोंद करावी लागते. परदेशी प्रवासी प्रंबाननची मंदिरं बघून रात्री योग्याकार्ताला परततो, तेव्हा तुमचं खरं गिऱ्हाईक झऱ्यावर पोहायला येणारं देशी कुटुंब असेल, शनिवार-रविवारचं आणि ईदच्या सुट्टीतलं. त्यावर घरखर्च चालेल असं धरू नका. तुमचा स्वतःचा मुक्काम पत्नीच्या हमीवर ‘कितास’ या तात्पुरत्या वास्तव्य परवान्यावर होईल. लग्नाला दोन वर्षं झालेली असल्याने पुढे ‘किताप’ या कायम वास्तव्य परवान्यासाठी अर्ज करता येईल.

गावातल्या राहणीबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, आणि माझ्या मते तुमचा बेत तिथेच ठरेल. त्या घरी राहायला गेलात की पहिलं काम ‘पाक आरटी’कडे जाणं. आरटी म्हणजे काही घरांच्या गटाचा निवडलेला प्रमुख. पासपोर्ट, कितास, विवाह-दाखला आणि कुटुंबपत्रिकेच्या प्रती द्या, पत्नीबरोबर जा, बसा, चहा घ्या. रात्री मुक्कामाला आलेल्या पाहुण्याची वर्दी २४ तासांत द्यायची असते, हे तुमच्या पुण्याच्या पाहुण्यांनाही लागू. मग पाळ्या लागतील: रात्रीची गस्त (‘रोंदा’), गटार आणि रस्त्याचं श्रमदान. गस्तवाले घरोघर टांगलेल्या डब्यातून ‘जिंपितान’ गोळा करतात, पूर्वी मूठभर तांदूळ, आता ५००-१००० रुपियांची नाणी. रक्कम क्षुल्लक आहे, पण डबा रिकामा राहिला की सगळ्यांना कळतं. पाळी चुकवून पैसे देण्याची सोय अनेक ठिकाणी आहे. पहिल्या वर्षी ती वापरू नका.

आहेर हा खरा खर्च. लग्न, सुंता, बारसं, वास्तू, दरवेळी लिफाफा, साधारण ५० हजार ते एक लाख रुपिया, आणि कोणी किती दिलं याची घरात वही असते. जावाच्या पंचांगातल्या बेसार महिन्यात लग्नांची गर्दी, सुरो महिन्यात एकही नाही, तेव्हा बेसारसाठी वेगळे पैसे ठेवा. मोठ्या कार्यात बायका दोन-तीन दिवस स्वयंपाकाला जातात (‘रेवांग’). पत्नी गावची असल्याने तिच्याकडून ती अपेक्षा तुमच्यापेक्षा जास्त असेल. बरीच वर्षं बाहेर राहिलेल्या बाईला हे जड जाऊ शकतं, तिला आधी विचारा. कोणी गेलं की सात, चाळीस, शंभर आणि हजाराव्या दिवशी प्रार्थनेला बोलावणं येतं, धर्म कोणताही असो, दारात जाऊन बसावं. वडीलधाऱ्यांशी ‘क्रामा’, म्हणजे आदराच्या जावानीज भाषेत चार वाक्यं आली पाहिजेत, ‘कुलो नुवुन’ (आत येऊ का), ‘मोंगगो’ (या, घ्या), ‘मातुर नुवुन’ (धन्यवाद), ‘इंग्गिह’ (हो). समोरून वाकून जाताना उजवा हात खाली धरतात. शाकाहारी असाल तर टेंपे-टोफू मुबलक, पण सांबलमध्ये कोळंबीची ‘तेरासी’ असतेच, ती विचारून घ्या.

आणि शांतता म्हणजे आवाज नसणं नव्हे. पहाटे साडेचारच्या आसपास मशिदीचा भोंगा, लग्नात तीन दिवस ध्वनिवर्धकावर डांगदुतची गाणी, संध्याकाळी अंगणाअंगणात जळणाऱ्या कचऱ्याचा धूर. म्हणून जमीन घेण्याआधी त्याच गावात वर्षभर घर भाड्याने घ्या. तेवढ्या वेळात विवाह-कराराची नोंदणीही होईल.

भारतातून पैसे नेताना एलआरएस (रिझर्व्ह बँकेची परदेशी पैसे पाठवण्याची योजना) खाली वर्षाला माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, ती पुरेशी. एका रुपयाला सुमारे १८५ रुपिया धरले तर ६६ कोटी म्हणजे साधारण ३५ लाख ७० हजार रुपये. १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ कर) कापते, म्हणजे सुमारे ५ लाख १४ हजार. हा पैसा विवरणपत्रात परत मिळतो, पण तोवर हाताशी लागतो. त्यामुळे जमिनीला पैसे कमी पडले असं नको. भारतात करनिवासी असेपर्यंत परदेशी बँकखाती आणि तुमच्या हक्काची कोणतीही मालमत्ता विवरणपत्राच्या ‘एफए’ परिशिष्टात दाखवा. न दाखवल्यास काळ्या पैशाच्या कायद्याखाली दंड १० लाखांचा होऊ शकतो. पत्नीच्या नावावरच्या जमिनीत पैसा तुमचा असल्याने ती नोंद कशी करायची, हे पैसे पाठवण्याआधीच सनदी लेखापालाला विचारा.

मुलीच्या नावावर आत्ता घेऊ नका. अल्पवयीनाच्या नावची जमीन विकायला किंवा गहाण ठेवायला तिथे न्यायालयाची परवानगी लागते, अडीनडीला तुमचेच हात बांधले जातील. शिवाय इंडोनेशिया अशा मुलांना १८ पर्यंत दुहेरी नागरिकत्व देतो आणि त्यानंतर तीन वर्षांत एक निवडायला लावतो. भारत ते मान्यच करत नाही. तिने पुढे भारतीय राहायचं ठरवलं तर तिच्याकडे आलेला हाक मिलिक एका वर्षात इंडोनेशियन नागरिकाला द्यावा लागेल. वारसाने तुमच्याकडे आला तरी तीच एक वर्षाची मुदत. पत्नी मुस्लिम आणि तुम्ही नसाल तर मुस्लिम वारसाहक्काने तुम्ही वारसही ठरत नाही, त्यामुळे विवाह-करार करायला नोटरीकडे जाल त्याच भेटीत पत्नीचं मृत्युपत्रही करून घ्या. घर कोणाला, आणि तुम्हाला हयातभर राहता येईल का, हे त्यात स्पष्ट शब्दांत हवं.